औषध म्हणून आलेला जंतू

बीसीजी म्हटलं की दंडावरचा तो छोटा गोल व्रण आठवतो. जन्मल्या जन्मल्या टोचलेली आणि पुढे आयुष्यभर विसरून गेलेली लस. तीच बीसीजी, कितीतरी मोठ्या मात्रेत, नळीतून मूत्राशयात सोडतात आणि त्यामुळे तिथला कॅन्सर परत उलटण्याची शक्यता कमी होते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. माझ्या मामाचाही बसला नाही. दुर्बिणीतून त्याच्या मूत्राशयातली गाठ खरवडून काढली होती. गाठ स्नायूपर्यंत पोचलेली नव्हती, पण पेशी आक्रमक जातीच्या होत्या, म्हणून आठवड्यातून एकदा असं सहा वेळा बीसीजी द्यायचं ठरलं. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "अगं, तू जंतूंच्या लॅबमध्ये असतेस ना? मग मला सांग, टीबीची लस लघवीच्या पिशवीत कशाला सोडतायत?"

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. क्षयाच्या जंतूंचे नमुने रंगवणं, वाढवणं, आठवडेच्या आठवडे त्यांची वाट बघणं हा माझा रोजचा व्यवहार आहे. त्यामुळे मामाच्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर मला देता आलं. पण हे औषध जिवंत आहे, या एका वाक्याचा अर्थ किती दूरवर जातो, ते मला पुढे टप्प्याटप्प्याने उमगत गेलं. आणि ज्यांना हे औषध मिळालं आहे त्यांच्यापर्यंत, त्यांच्या घरच्यांपर्यंत तो पोचत नाही, असं वाटतं म्हणून हे लिहिते आहे.

या जंतूचा पूर्वज गाईच्या क्षयाचा. १९०८ साली फ्रान्समधल्या लील शहरात आल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ यांनी तो बटाटा, ग्लिसरीन आणि बैलाचं पित्त यांच्या माध्यमावर वाढवायला घेतला. दर काही आठवड्यांनी जुन्या माध्यमावरून उचलायचा आणि नव्यावर पेरायचा. मधे पहिलं महायुद्ध झालं, लील जर्मन सैन्याच्या ताब्यात गेलं, तरी त्या दोघांनी ही साखळी तुटू दिली नाही. १३ वर्षांत २३० पेरण्या. १९२१ साली तो जंतू पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला तोंडावाटे दिला गेला, तोवर त्याची रोग करण्याची ताकद जवळजवळ संपली होती. क्षयाचा जंतू वाढवायला किती चिकाटी लागते हे मी रोज बघते, म्हणून २३० हा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही. त्यामागची माणसं दिसतात.

पुढे १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात ही लस दिलेली ७०हून अधिक बाळं दगावली. तपासात निघालं, की तिथल्या प्रयोगशाळेत लसीमध्ये खऱ्या क्षयाचा, पूर्ण ताकदीचा जंतू मिसळला गेला होता. बीसीजी निर्दोष ठरली. तरी त्या बाळांची गोष्ट वाचल्यापासून जिवंत जंतू हाताळताना माझा हात आपोआप सावध होतो.

क्षय आणि कॅन्सर यांचा काही संबंध असावा, अशी शंकाही जुनी आहे. १९२९ साली रेमंड पर्ल या अमेरिकी शास्त्रज्ञाने शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून म्हटलं, की कॅन्सरने गेलेल्यांमध्ये क्षय कमी आढळतो. त्याच्या पद्धतीवर पुढे आक्षेप आले, पण कुतूहल उरलं. १९५९ मध्ये लॉइड ओल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं, की बीसीजी दिली तर गाठींना प्रतिकार वाढतो. आणि १९७६ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनचे युरॉलॉजिस्ट अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयात वारंवार गाठी येणाऱ्या ९ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आठवड्याला एक, असे सहा आठवडे. मामाला जे वेळापत्रक मिळालं ते तिथून चालत आलेलं. अमेरिकेत या उपचाराला १९९० मध्ये रीतसर मान्यता मिळाली. इतक्या वर्षांत कितीतरी नवी औषधं आली, पण स्नायूपर्यंत न गेलेल्या आणि परत येण्याचा धोका मोठा असलेल्या गाठींसाठी आजही पहिलं नाव बीसीजीचंच घेतलं जातं.

ते काम कसं करतं? मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला हे जंतू चिकटतात, पेशींच्या आत शिरतात. शरीराच्या संरक्षक पेशींना परका दिसतो आणि त्या तिकडे धाव घेतात. जी धुमश्चक्री होते तिच्यात उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशीही मारल्या जातात. म्हणजे बीसीजी स्वतः कॅन्सरला मारते त्यापेक्षा जास्त काम ती हाकाटी पिटून करते. आणि त्यासाठी जंतू जिवंत असावे लागतात, पुष्कळ असावे लागतात. एका मात्रेत काही कोटी ते काही अब्ज जिवंत जंतू असतात. बाळाला टोचतात त्या लसीच्या हजारपटीच्या घरात.

मामाला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी पिशवीत टीबी घेऊन फिरणार."

"टीबी नाही रे मामा. दमवलेला जंतू आहे."

"पण जिवंत."

"हो. जिवंत."

प्रत्यक्ष उपचार बघायला अगदी साधा. नळी घालून मूत्राशय रिकामं करतात, औषध सोडतात, नळी काढून घेतात. दोन तास लघवी रोखून धरायची. नंतर सहा तास बसूनच लघवी करायची म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत, आणि दर वेळी भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबून मग पाणी सोडायचं. मामीने हे नियम कागदावर लिहून संडासाच्या दारामागे चिकटवले होते. दोन दिवस जळजळ, सारखी लघवीला लागणं, अंगात कणकण, क्वचित लघवीत थोडं रक्त. हे बहुतेक प्रत्येकाला होतं, आणि ते औषध कामाला लागल्याचं लक्षण म्हणूनच धरतात. मामाही त्या दोन दिवसांत चिडचिडा व्हायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फिरायला बाहेर पडायचा.

एकदा मात्र नळी घालताना रक्त आलं. सिस्टरने तिथेच हात थांबवला, डॉक्टरांना बोलावलं, आणि त्यांनी त्या आठवड्याचं औषध पुढे ढकललं. मामा वैतागून घरी आला. एवढं उपाशीपोटी, सुट्टी काढून गेलो, आणि थेंबभर रक्तासाठी परत पाठवलं! मला मात्र त्या सिस्टरचे पाय धरावेसे वाटले. कारण या उपचारातल्या सगळ्यात भयंकर गुंतागुंतीचं मूळ बहुधा तिथेच असतं. अस्तर शाबूत असेल तर जंतू मूत्राशयातच राहतात. नळीने मूत्रमार्ग खरचटला असेल, गाठ खरवडल्याची जखम ओली असेल, लघवीला जंतुसंसर्ग झालेला असेल, तर कोट्यवधी जिवंत जंतूंना थेट रक्ताची वाट मोकळी होते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर निदान दोन आठवडे जाऊ देतात, आणि लघवीतून उघड रक्त जात असेल तर बीसीजी देत नाहीत. तो थेंब थेंबभर नव्हता, हे मी मामाला शक्य तितक्या शांतपणे सांगितलं.

रक्तात गेलेली बीसीजी कधी काही तासांतच रूप दाखवते. हुडहुडी भरून चढलेला ताप, घसरलेला रक्तदाब, गोंधळलेला माणूस. यात अतिदक्षता विभाग लागतो, क्षयाची औषधं लागतात आणि जोडीला स्टिरॉइडही द्यावे लागतात, कारण नुसता जंतू घातक नसतो, शरीराची त्याच्यावरची बेभान प्रतिक्रियाही तितकीच घातक असते. डोनाल्ड लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये २,६०२ रुग्णांचा आढावा घेतला होता. त्यात अशी रक्तदोषाची अवस्था ०.४ टक्क्यांना झाली. फुप्फुस किंवा यकृताला त्रास ०.७ टक्क्यांना. हजारात चार, हजारात सात. हे आकडे मी मामालाही सांगितले होते, कारण ते लपवण्यात अर्थ नव्हता आणि कॅन्सर उलटण्याच्या शक्यतेपुढे ते फार लहान होते. तो उपचाराला तयार झाला तो हे ऐकूनच.

मात्रा कमी केली तर त्रास कमी होईल, हा विचार कुणालाही सुचेल. मोठ्या चाचणीत एक तृतीयांश मात्रा देऊन पाहिलं, त्रासात लक्षणीय फरक पडला नाही. प्रत्येकाला आधीच क्षयाची गोळी देऊन पाहिली, तिचाही फायदा दिसला नाही. खरी राखण करतात ती साधी कामं: नळी हळुवार घालणं, शंका आली तर थांबणं, ताप चढला आणि उतरेना तर कणकणच आहे म्हणून अंगावर न काढणं.

पण मला जास्त अस्वस्थ करतात त्या सावकाश येणाऱ्या गुंतागुंती. महिन्यांनी येतात, वर्षांनी येतात, क्वचित दशक उलटल्यावरही आल्याच्या नोंदी आहेत. तोवर माणूस मूत्राशयाचा आजार मागे टाकून बसलेला असतो.

आमच्याकडे एकदा मणक्याचा नमुना आला. दोन मणके आणि मधली चकती यांतून सुईने काढलेला तुकडा. सोबतच्या फॉर्मवर लिहिलं होतं: पाठदुखी, वजन घट, टीबी? आणि पूर्वेतिहासाचा रकाना कोरा. तुकड्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे क्षयासारख्या जंतूभोवती संरक्षक पेशींनी बांधलेल्या बारीक गाठी, असल्याचं पॅथॉलॉजीने कळवलंच होतं. जलद जनुकीय चाचणी क्षयाच्या जंतूसाठी पॉझिटिव्ह आली. इथे बहुतेक वेळा गोष्ट संपते. मणक्याचा टीबी, नेहमीची चार औषधं, पुढचा नमुना. पण ती चाचणी क्षयाच्या जंतूंचं अख्खं कुटुंब ओळखते, आणि बीसीजी त्याच कुटुंबातली आहे. दोघांना वेगळं करणं त्या चाचणीला जमत नाही.

मामा डोक्यात होता म्हणून म्हणा, मी वॉर्डमध्ये फोन केला. रेसिडेंट मुलगी कामात बुडालेली होती. "मॅडम, पेशंटला मूत्राशयाचा काही आजार?" असं मी विचारल्यावर ती गोंधळली, पण विचारून सांगते म्हणाली. संध्याकाळी तिचा फोन आला. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी पिशवीतली गाठ काढली होती आणि नंतर "आत काहीतरी औषध सोडायचे". औषधाचं नाव घरात कुणालाच आठवत नव्हतं. पाठदुखीच्या डॉक्टरांना त्यांनी ते सांगितलं नव्हतं, कारण पाठीचा आणि लघवीच्या पिशवीचा संबंध असेल असं त्यांना तरी का वाटावं? आम्ही नमुन्यातल्या जंतूंचं कल्चर वाढू दिलं आणि जनुकांचे विशिष्ट तुकडे तपासणाऱ्या चाचणीला पाठवलं. काल्मेत आणि गेरँच्या त्या लांबलचक मशागतीत जंतूने आपल्या गुणसूत्राचा एक भाग गमावलेला आहे, आणि तो भाग नसणं हीच बीसीजीची ओळख. उत्तर आलं ते बीसीजीचंच होतं.

फरक काय पडला? एक तर औषध बदललं. क्षयाच्या पहिल्या फळीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड गाईच्या जंतूवर चालत नाही, म्हणून बीसीजीवरही चालत नाही. ते देत राहणं म्हणजे यकृताला उगाच त्रास. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल यांच्यावर उपचार उभा राहतो. दुसरं, त्या घराची एक वेगळी भीती गेली. घरात लहान मूल होतं आणि आजोबांना टीबी झाला म्हणून सगळे धास्तावले होते. हा जंतू आजोबांना कुणाकडून लागला नव्हता, तो दवाखान्यातूनच, औषध म्हणून आला होता. तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, त्यांच्या युरॉलॉजिस्टना कळवता आलं. अशा माणसाला पुन्हा बीसीजी देत नाहीत.

मणका हे एक ठिकाण झालं. जंतू रक्तातून कुठेही जाऊ शकतो. पोटातल्या महारोहिणीच्या भिंतीला लागला तर ती फुगते आणि फुटू शकते. हा सगळ्यात धोकादायक प्रकार, आणि त्याचीही सुरुवात पाठदुखी, पोटदुखी, बारीक ताप अशी साधीच दिसते. डोळ्याच्या आत, कृत्रिम गुडघ्याभोवती, अंडकोषात. कधी मूत्रवाहिनीतून उलटा चढून मूत्रपिंडात गाठ करतो. आणखी एक प्रकार असा, की सांधे सुजतात, डोळे लाल होतात, पण तिथे जंतू नसतोच. शरीराचं संरक्षण बीसीजीवर खवळलेलं असतं आणि त्याचा राग सांध्यांवर निघतो. त्याला क्षयाची औषधं नकोत, सूज उतरवणारी हवीत. एकाच औषधाच्या दोन गुंतागुंती, दिसायला जवळ, उपचार वेगळे. म्हणून सुजलेल्या सांध्यातलं पाणी आमच्याकडे पाठवून त्यात जंतू आहे की नाही हे पाहावंच लागतं.

कॅन्सरमधून गेलेल्या माणसाच्या मनाला तर एक निराळाच धक्का बसू शकतो. बीसीजीमुळे प्रोस्टेटमध्ये ग्रॅन्युलोमा होतात, बहुतेकदा काही त्रास न देता. पण पीएसए हे प्रोस्टेटचं रक्तातलं प्रथिन वाढतं, बोटाला टणक गाठ लागते, एमआरआयमध्ये काळी छटा दिसते आणि कुणीतरी म्हणतं, आता प्रोस्टेटचाही कॅन्सर असावा. फुप्फुसात मोहरीएवढे असंख्य ठिपके दिसतात, पेट स्कॅनमध्ये लसिकाग्रंथी उजळतात, आणि घरात कॅन्सर पसरल्याची बातमी होते. स्कॅनला दाह आणि कॅन्सर यांच्यातला भेद नेहमी कळत नाही. स्कॅनआधी टोचलेली साखर दोन्ही खातात, दोन्ही उजळतात. तुकडा काढून पाहिल्याशिवाय शेवटचा शब्द बोलू नये, असं मला फार तळमळीने वाटतं. पसरलेला कॅन्सर समजून हातपाय गाळलेल्या माणसाला, हा औषधाचाच जंतू आहे आणि तो गोळ्यांनी बरा होतो, हे सांगता येणं ही किती मोठी गोष्ट आहे!

कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून बीसीजी नाही, असंही म्हणता येत नाही. कित्येक रुग्णांत जंतू वाढवूनही मिळत नाही; ग्रॅन्युलोमा, पूर्वीचा उपचार आणि औषधांना मिळालेली दाद यावरच निदान उभं राहतं. क्षयाच्या संसर्गासाठी रक्ताची जी चाचणी करतात तीही इथे उपयोगाची नाही. ती ज्या प्रथिनांवर चालते तीच बीसीजीने गमावलेली आहेत, त्यामुळे फक्त बीसीजी असेल तर ती निगेटिव्ह येते. डॉक्टरांच्या हातात शेवटी सगळ्यात भरवशाचं काय उरतं? माणसाने सांगितलेला पूर्वेतिहास. आणि तोच तर फॉर्मवर कोरा होता.

यात मला कुणाचा दोष दिसत नाही. मूत्राशयाचा डॉक्टर वेगळा, पाठीचा वेगळा, डोळ्याचा वेगळा. मधे वर्षं गेलेली, गाव बदललेलं, जुनी फाईल कुठल्या तरी कपाटात. जंतूची वाढ संथ, आणि माणसांची स्मृती त्याच्याहून लवकर विरते. त्या दोन्हींमधलं अंतर भरून काढायचं काम कुणाचंच नाही, म्हणून ते राहून जातं.

मामाचे सहा डोस झाले, नंतरचे देखभालीचे डोसही ठरल्याप्रमाणे सुरू झाले. काही महिन्यांच्या अंतराने तीन-तीन, एकूण तीन वर्षांपर्यंत चालणारे. दुर्बिणीच्या तपासण्या आतापर्यंत स्वच्छ आहेत. त्याला गुंतागुंत कुठलीच झालेली नाही, आणि बहुतेकांना होत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण हा लेख वाचून कुणी बीसीजी नाकारली तर मला फार वाईट वाटेल.

तरी मी त्याच्यासाठी एक कार्ड केलं आहे, आधार कार्डाच्या आकाराचं, पाकिटात बसणारं. वर त्याचं नाव. खाली: मूत्राशयात बीसीजी दिलेली आहे, कोणत्या महिन्यापासून, शेवटचा डोस कधी (ही ओळ पेन्सिलने, दर वेळी बदलायची), लसीचा प्रकार कोणता, युरॉलॉजिस्टचा नंबर. त्याखाली: न उतरणारा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, नवी पाठदुखी, सुजलेला सांधा, डोळ्याला अंधुक दिसणं यांपैकी काही असेल तर बीसीजीचा संसर्ग तपासावा. शेवटची ओळ: पायराझिनामाइड लागू पडत नाही. मामाने ते वाचलं आणि विचारलं, "किती वर्षं ठेवायचं हे?"

"कायम."

"बरं. मग मामीकडेही एक दे. माझं पाकीट हरवतं."

दुसरं कार्ड केलं. एक प्रत मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे, नाव पुसून. फॉर्मवर ग्रॅन्युलोमा लिहिलेला आणि पूर्वेतिहासाचा रकाना कोरा असलेला नमुना आला, की वॉर्डला फोन करताना काय काय विचारायचं ते त्यावर ओळीने लिहिलेलं आहे. नव्या तंत्रज्ञ मुलींनाही मी तेच विचारायला शिकवते: मूत्राशयात कधी औषध सोडलं होतं का, कुठे, केव्हा?